शून्य लिहिते हं, काका

आईचं मनगट मोडलं, सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं, आणि आतून जो हात बाहेर आला तो तिच्या ओळखीचा नव्हता. बोटं सुजलेली, कातडी कोरडी आणि पांढुरकी, मूठ अर्धीच वळायची. मग रोज सकाळी मी तिला रुग्णालयातल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात घेऊन जायला लागले. लांबट खोली, एका बाजूने उंच खिडक्या, टेबलांवर लाकडी खुंट्या, रंगीत चिमटे, दाबायचे मऊ गोळे. रबराचा आणि स्पिरिटचा मिसळलेला वास. तिथे कुणी मोठ्याने बोलत नसे, पण शांतताही नसे. खुंट्या खाली पडण्याचा टकटक आवाज सतत चालू असायचा. आमच्या शेजारच्या टेबलावर एक काका बसत. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात कामातून गेलेला. त्यांच्यासमोर एका फळीवर शर्टाची पुढची बाजू ताणून बसवलेली होती, त्यावर पाच बटणं. लावायची आणि काढायची, एवढंच काम. शेवटी थेरपिस्ट येई, वही उघडे आणि किती लागली ते लिहून घेई. आदल्या दिवशी दोन लागली होती. त्या दिवशी काकांनी सगळा वेळ एकाच बटणाशी झुंज दिली. कपाळावर घाम आला, जीभ दातात धरली गेली, आणि बटण प्रत्येक वेळी काजाच्या तोंडापर्यंत येऊन निसटलं.

“काका, आज किती?” तिने विचारलं.

“एकही नाही.”

“बरं. शून्य लिहिते हं, काका.”

“शून्य कशाला लिहितेस? सोडून दे ना आजची ओळ.” त्यांचं बोलणं जरा जड होतं, पण शब्द कळत होते.

“सोडली तर तुम्ही आलाच नव्हता असं होईल. तुम्ही आला होतात.”

काका काही वेळ वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग नीट लिही.”

ती मुलगी पंचविशीचीही नसेल. तिने हे काही मोठं सांगतोय अशा आविर्भावात म्हटलं नव्हतं. पेन हातात होतं, पुढचा पेशंट वाट बघत होता, वहीत काय लिहायचं एवढाच प्रश्न होता. पण माझ्या डोक्यातून ते काही केल्या जाईना. आईच्या बोटांना तेल चोळताना, रात्री दिवा बंद केल्यावर, दुसऱ्याच कुठल्या तरी कामाच्या मध्ये ते पुन्हा ऐकू यायचं. मन लावून जगणं, रोजचा दिवस काहीतरी हेतू धरून घालवणं, याबद्दल आपण सगळे लहानपणापासून इतकं ऐकत आलेलो असतो की ते शब्द कानावरून नुसते ओघळतात. पण ते सगळं ऐकताना समोर नेहमी भरलेला दिवसच असतो: पहाटे उठलेला, यादी पुरी केलेला, रात्री समाधानाने झोपलेला माणूस. ज्या दिवशी बटण लागत नाही त्या दिवसाचं काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. तो दिवस आपण हळूच वगळून टाकतो. आणि आयुष्यात असे दिवस थोडेथोडके नसतात.

पावसाच्या नोंदी ठेवणाऱ्यांना हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्यांनी तो माझ्या मते आपल्यापेक्षा शहाणपणाने सोडवला आहे. पर्जन्यमापकात रोज ठरल्या वेळी डोकावायचं. पाऊस पडलाच नसेल तर शून्य लिहायचं. ती जागा रिकामी सोडायची नाही. कारण रिकामी जागा म्हणजे पाऊस पडला नाही असं नव्हे, त्या दिवशी कुणी बघितलंच नाही. पन्नास वर्षांनी कुणी ती वही उघडली तर शून्याचा त्याला उपयोग होतो. दुष्काळ कधी सुरू झाला हे शून्यांच्या रांगेवरूनच कळतं. रिकाम्या जागेवरून काहीच कळत नाही. याशिवाय तिसरा एक प्रकार असतो, आणि तो मला सगळ्यांत जास्त आवडला. पाऊस पडला खरा, जमीन ओली झाली, पण मापकात जमलेलं पाणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. अशा वेळी ना आकडा लिहितात ना शून्य. ‘ट्रेस’ अशी नोंद होते: पडला, पण मोजण्याइतका नाही. मी माझ्या दिवसांकडे मागे वळून पाहते तेव्हा त्यातले बहुतेक याच रकान्यात जातील असं वाटतं. एखादं पत्र अर्धं लिहून झालेलं, कुणाला तरी चार शब्द धीराचे बोललेले, एक कठीण पान दोनदा वाचून एकदा समजलेलं. बेरजेत शून्यच धरलं जाणारं, पण शून्य नसलेलं. आणि चौथाही प्रकार आहे: निरीक्षक दोन-चार दिवस आलाच नाही आणि मग साठलेलं सगळं पाणी एकदम मोजलं. त्याची नोंद एकत्रित पाऊस म्हणून वेगळी खूण करून ठेवतात. एकूण पाणी खरं असतं. कुठल्या दिवशी किती पडलं ते मात्र कायमचं हरवलेलं असतं. आठवडाभराचं मुलांशी बोलणं रविवारी एकदम उरकणाऱ्या घरांमध्ये हेच होत असावं. बेरीज बरोबर येते, मंगळवार सापडत नाही.

या सगळ्या शोधात जॉन डाल्टन पुन्हा भेटला. शाळेत त्याला अणुसिद्धांतापुरता भेटून आपण पुढे जातो. पण त्या माणसाने 1787 च्या मार्चमध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, हवामानाची वही सुरू केली आणि पुढची 57 वर्षं ती चालवली. तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस. दोन लाखांहून अधिक नोंदी. हवेकडे रोज बघता बघता त्याला प्रश्न पडला की निरनिराळे वायू एकमेकांत मिसळून कसे राहतात, जड वायू खाली का बसत नाही, आणि त्या प्रश्नामागे जाता जाता तो अणूपर्यंत पोचला. म्हणजे जगाने ज्यासाठी त्याला लक्षात ठेवलं ते काम या रोजच्या कामाच्या पोटातून निघालं. पण मला त्याहून विलक्षण वाटतं ते पुढचं. नाव झालं, मान मिळाले, तरी वही थांबली नाही. 1837 मध्ये अर्धांगाचा झटका आला, पुढच्या वर्षी दुसरा, बोलणं अवघड झालं, आणि तरी तो तापमान वाचत राहिला. 1844 च्या 26 जुलैला संध्याकाळी त्याने थरथरत्या हाताने शेवटची नोंद केली: थोडा पाऊस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेलेला होता.

थोडा पाऊस. त्या संध्याकाळी त्याला काहीही भव्य लिहिता आलं असतं. पण पडला होता तो थोडाच.

आणि पुढे 1940 च्या डिसेंबरात मँचेस्टरवर बाँब पडले त्यात त्याच्या जपून ठेवलेल्या कागदपत्रांचा मोठा भाग जळून गेला. हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. राग आला, आणि राग कुणावर काढायचा तेही कळेना. एवढ्या संध्याकाळी, एवढ्या सकाळी, आणि शेवटी राख. मग वाटलं की कागद जळले तरी तो दररोज खिडकीशी गेला होता, त्यात काही फरक पडत नाही. हे समाधान खरं आहे की मी स्वतःला समजावतेय, याची मला अजून खात्री नाही. दोन्ही गोष्टी एकदम मनात राहतात: काम टिकायला हवं होतं, आणि न टिकल्याने ते वाया गेलं नाही.

माझ्याकडे डाल्टनसारखी वही नाही. माझ्याकडे मामा आहे. ऐंशी ओलांडलेला, आयुष्यभर वाचत आलेला, आणि आता डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने दृष्टीचा मधला भाग गमावलेला. कडेचं दिसतं, मधलं नाही. समोर उभा असलेला माणूस दिसतो, त्याचा चेहरा दिसत नाही. पान दिसतं, ओळ दिसत नाही. रोज सकाळी सातला मी त्याला फोन करते आणि अर्धा तास वाचून दाखवते. यात माझा त्याग वगैरे काही नाही, मलाही पुस्तकं आवडतात. पण काही सकाळी पलीकडून फक्त श्वास ऐकू येतो. तो जागा आहे की झोपलाय हे कळत नाही. मी परिच्छेद संपेपर्यंत वाचते, मग थांबते, मग हळूच विचारते, “मामा, ऐकतोयस ना?” कधी लगेच उत्तर येतं, तेही शेवटचं वाक्य जसंच्या तसं म्हणून. कधी येतच नाही. अशा सकाळी फोन ठेवल्यावर एक पोकळपणा येतो. हा अर्धा तास कुणासाठी होता? आणि दुसरीकडे, माझ्या डोक्यात दुसरं काही चालू असलं की त्याला ते शब्दाशब्दात कळतं. “आज तुझा आवाज वाचतोय,” तो म्हणतो, “तू नाही.” चेहरा न दिसणाऱ्या माणसाला हे इतकं स्पष्ट दिसावं! नुसतं हजर राहणं आणि जीव ओतून हजर राहणं यांतला फरक मला कुठल्या उपदेशापेक्षा त्याच्या त्या एका वाक्याने जास्त शिकवला.

ओळखीच्या एका तरुण मुलाने मला सल्ला दिला होता की हे फोनमधल्या एखाद्या ॲपमध्ये नोंदव. सलग किती दिवस झाले ते दाखवतं, साखळी तुटू द्यायची नाही, त्यानेच माणूस टिकतो. मला त्याच्या उत्साहाबद्दल आदर आहे आणि काहींना त्या साखळीचा खरंच आधार होतो. पण मला ती नको वाटली. साखळी जपताना माणूस हळूहळू मामाला फोन करेनासा होतो आणि आकड्याला करू लागतो. शिवाय ती एका दिवसाला नको इतकी किंमत देते. एक दिवस हुकला की सगळं पुन्हा शून्यावर, जणू आधीचे सगळे दिवस घडलेच नव्हते! हे शून्य त्या थेरपिस्टच्या शून्याच्या नेमकं उलटं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा अंगवळणी पडतात हे 96 जणांवर अभ्यासलं. त्यांचा निबंध 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. नवी गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी 66 दिवस लागतात हा आकडा त्यातून सगळीकडे पसरला. पण माणसामाणसातला फरक 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत निघाला होता, हे फार थोडे सांगतात. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, हे तर त्याहून कमी. माझ्या मते सगळ्यांत माणुसकीचा निष्कर्ष तोच होता.

जपानमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कमध्ये राहिलेल्या ऑन कावारा या चित्रकाराची गोष्ट इथे आठवते. 4 जानेवारी 1966 पासून त्याने तारखांची चित्रं काढायला घेतली. एकरंगी पार्श्वभूमी, त्यावर पांढऱ्या अक्षरांत त्या दिवसाची तारीख, बाकी काही नाही. अट एकच: ज्या दिवसाची तारीख, त्याच दिवशी चित्र पुरं व्हायला हवं. मध्यरात्रीपर्यंत झालं नाही तर ते नष्ट करायचं. हे ऐकल्यावर वाटतं की हा रोज एक चित्र काढत असणार. तसं नव्हतं. जवळपास पन्नास वर्षांत अशी चित्रं झाली सुमारे तीन हजार. म्हणजे साधारण सहा दिवसांत एक. बाकीच्या दिवशी त्याने तारीख रंगवलीच नाही, आणि त्या दिवसांची चित्रं मागाहून काढून संच पुरा करण्याचाही प्रश्न नव्हता. काढायला बसला त्या दिवशी मात्र तो संपूर्णपणे त्या दिवसाचा होता. मला या मोकळ्या जागांत एक प्रामाणिकपणा दिसतो. आपण नव्हतो तर नव्हतो. तिथे खोटी तारीख रंगवायची नाही.

प्रामाणिक मोकळी जागा कशी दिसते हे पाहायचं तर चार्ल्स डेव्हिड कीलिंगचा आलेख पाहावा. हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर, सुमारे 3400 मीटर उंचीवर, 1958 च्या मार्चपासून त्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाख भागांत तो 313 भाग होता. एका दिवसाच्या आकड्याला तसा काही अर्थ नाही. पण वर्षभराचे आकडे एकापुढे एक लागले तेव्हा दिसलं की रेष मे महिन्यापर्यंत चढते आणि मग उत्तर गोलार्धातली झाडं वाढीला लागली की उतरते. पृथ्वीचा श्वास दिसला. आणखी काही वर्षं गेली तेव्हा दिसलं की हा श्वास दरवर्षी जरा वरच्या पातळीवर होतोय. ही भयंकर बातमी एखाद्या दिवसाने दिली नाही, दिवसांच्या रांगेने दिली. आता तो आकडा 420 च्या पुढे गेलेला आहे. आणि त्या जगप्रसिद्ध रेषेत 1964 साली तीन महिन्यांची खाच आहे, फेब्रुवारी ते एप्रिल. पैसे कमी झाले, मोजणी थांबली. मे महिन्यापासून पुन्हा सुरू. कीलिंग 2005 मध्ये गेला. काम त्याचा मुलगा राल्फ पाहतो. 2022 च्या नोव्हेंबरात ज्वालामुखी जागा झाला, लाव्हाने रस्ता आणि वीज दोन्ही तोडली, तेव्हा डिसेंबरमध्ये मोजणी शेजारच्या मौना केआ पर्वतावर सुरू झाली. मला त्या आलेखात सगळ्यांत जास्त विश्वास वाटतो तो त्या खाचेच्या पलीकडच्या पहिल्या बिंदूवर. थांबलेलं काम उचलणाऱ्याला सुरुवातीचा उत्साह नसतो, सलगतेचा अभिमान उरलेला नसतो. त्याच्याकडे उरलेलं असतं ते फक्त काम.

पण मग फळ कधीच दिसलं नाही तर? हा प्रश्न मी टाळू शकत नाही, कारण मामाच्या श्वासाकडे कान लावून बसते तेव्हा तोच माझ्या शेजारी बसलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात 1927 साली थॉमस पार्नेलने काचेच्या नरसाळ्यात डांबर ओतून ठेवलं. दगडासारखं दिसणारं डांबरसुद्धा वाहतं हे विद्यार्थ्यांना दाखवायला. एक थेंब पडायला आठ-आठ वर्षं लागत, पुढे त्याहूनही जास्त. जॉन मेनस्टोन 1961 मध्ये तिथे आला आणि त्याने या प्रयोगाची राखण अंगावर घेतली ती 52 वर्षं. 1979 चा थेंब सुट्टीच्या दिवशी पडला. 1988 मध्ये तो काही मिनिटं बाजूला गेला आणि तेवढ्यात पडला. 2000 साली कॅमेरा लावलेला होता, तो नेमका बिघडला. 2013 च्या ऑगस्टमध्ये मेनस्टोन वारला; पुढचा थेंब 2014 च्या एप्रिलमध्ये खाली टेकला. एकही थेंब त्याने पडताना पाहिला नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भरून आलं होतं. आता कणव वाटत नाही. पडण्याचा क्षण त्याला पाहायचा होताच, आणि तो हुकल्याची हळहळही त्याला होती. पण ती बावन्न वर्षं त्या क्षणाची वाट पाहण्यात गेली असं म्हणणं अन्यायाचं होईल. नरसाळ्याखाली थेंब रोज वाढत होता. ते तो पाहत होता.

आईचा हात सुधारला. मूठ पुरी वळत नाही, पण कात्री चालते, कुलूप उघडतं, आणि थेरपीला जाणं थांबलं. त्यामुळे काकांची पाच बटणं झाली की नाही हे मला माहीत नाही. त्यांनी एकदा आईला सांगितलं होतं की घरी त्यांची पत्नी शर्ट घालून देते, तिचेही हात दुखतात, आणि ती ते बोलून दाखवत नाही. “तिची एवढी एक कटकट कमी करायचीय,” ते म्हणाले होते. जीवनाचं उद्दिष्ट वगैरे शब्द त्या खोलीत कुणी वापरले नसते, वापरले असते तर लाजच वाटली असती. पण इतका नेमका हेतू मी फार थोड्या लोकांच्या तोंडून ऐकला आहे. तो कुठे शोधायला जावं लागलं नव्हतं. शेजारी दुखऱ्या हातांनी कुणीतरी बटणं लावत होतं, ते दिसलं आणि काकांच्या सकाळी कशासाठी आहेत ते ठरलं.

गेल्या महिन्यात मामाचं एक पुस्तक संपलं. मी त्याला पुढच्यासाठी काही नावं सुचवली, सगळी पातळ, दोन-तीन आठवड्यांत होणारी. त्याने सातशे पानांची एक कादंबरी निवडली, जी त्याने विशीत एकदा वाचली होती. मी म्हटलं, “मामा, हे फार लांबेल.” तो म्हणाला, “लांबू दे की. पातळ पुस्तकं संपतात, मग दरवेळी नवं शोधत बसायचं.” आम्ही सुरुवात केली. पात्रं फार आहेत, नावं लांबलचक आहेत, आणि मधल्या दोन सकाळी तो झोपून गेला होता. काल तो म्हणाला की धाकटा भाऊ कोण हे आता त्याला आठवत नाहीये, तेव्हा पहिलं प्रकरण पुन्हा घेऊ. मी म्हटलं, आपण बरेच पुढे आलोय. “असू दे,” तो म्हणाला, “धाकटा भाऊ कळल्याशिवाय पुढचं समजणार नाही.” तर उद्या सातला पान एकपासून.